ब्रेकमावशी विमानाची शाळा शोधतात

शहरातले निम्मे ड्रायव्हर त्या बाईंच्या हाताखालून गेलेत, असं लोक म्हणत. खरं तर पायाखालून म्हणायला हवं. मोटार शिकवणाऱ्या या बाईंना तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठ फिरली की ब्रेकमावशी. त्यांच्या पिवळ्या गाडीत, शिकवायच्या गाडीत असतो तसा, डाव्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि एक क्लच. क्लचला त्या फारसं विचारत नसत. ब्रेकवर मात्र त्यांचा उजवा पाय दबा धरून बसलेला असे. समोर कुत्रं दिसलं, दाब. कुत्रं येईलसं वाटलं, दाब. शिकणाऱ्याने नुसती मान वळवून दुकानाची पाटी वाचली, तरी दाब. एका बँकेतल्या साहेबांनी म्हणे परीक्षेच्या दिवशी शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं होतं, "माझ्या बाजूला ब्रेक नक्की कुठे असतो हो?" महिनाभर शिकून त्यांना कधी त्याची गरजच पडली नव्हती.

मावशींना मात्र अभिमान होता. "माझ्या गाडीला आजवर साधा ओरखडा नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि ते खोटंही नव्हतं.

त्यांचे यजमान घरी बसून कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि हे मेणात, प्लास्टरमध्ये हात घालून एकेक दात लावत बसत. खिडकीत, फ्रिजवर, चहाच्या कपांच्या शेजारी दातांच्या पंगती हसत असायच्या. माणूस शांत. बोलायचं तेवढं बोलून झालं असावं, अशा चेहऱ्याचा. त्यांनीही बायकोच्याच गाडीवर शिकून लायसन काढलं होतं. ते पाकिटात छान जपून ठेवलेलं होतं आणि गाडी मात्र ते कधीच चालवत नसत. कवळी पोचवायला जायचं असलं की बसने जात, नाहीतर बायको सोडायची. "ह्यांना आवडच नाही," असं मावशी म्हणायच्या, आणि समोर कोणी असलं तर यजमान मान डोलवायचे.

अशा या बाईंच्या डोक्यात ऐन पन्नाशी उलटल्यावर विमानाचं खूळ शिरलं.

झालं असं, की मावशी ज्या मैदानावर रिव्हर्स शिकवत, त्याच्या कुंपणापलीकडे छोट्या विमानांची धावपट्टी होती. दिवसभर डोक्यावरून विमानं घरघरत जात. इतकी वर्षं मावशींनी त्यांच्याकडे कटकट म्हणूनच पाहिलं. एकदा शिकणारी मुलगी गाडी उलटी घेता घेता रडायला लागली, म्हणून मावशी तिला रडू देऊन बाहेर उभ्या राहिल्या, तेव्हा एक विमान अगदी खालून गेलं. काचेतून स्वच्छ दिसलं, आत एकच माणूस होता. शेजारची सीट रिकामी.

दुसऱ्या कोणाला त्या माणसाचं कौतुक वाटलं असतं. मावशींना ती रिकामी सीट दिसली. म्हणजे शिकवणारा खाली उतरला आणि म्हणाला, जा. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या स्टिअरिंगशेजारी बसून काढलं होतं. स्वतः चालवायच्या, तेही शिकणाऱ्याला घरून आणायला आणि घरी सोडायला. एकदा, फक्त एकदा, शेजारी कोणी नसताना आपण वर असावं आणि सगळं आपल्याच हातात असावं, असं त्यांना वाटलं, आणि वाटलं ते इतकं जोरात, की घरी येईपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ब्रेक दाबायला मात्र त्या एकदाही विसरल्या नाहीत, एवढंच.

"मी विमान शिकणार आहे," त्यांनी यजमानांना सांगितलं.

यजमान एका कवळीचा पुढचा दात बसवत होते. "बरं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "त्यात ब्रेक असतो का?"

पैशांची सोय मावशींकडे होती. डॉक्टरांनी डोळे, कान, छाती, सगळं तपासून ठणठणीत असल्याचा दाखला दिला. राहिला प्रश्न शाळेचा. तुम्ही-आम्ही असतो तर जवळची शाळा बघून नाव घातलं असतं. मावशी पडल्या याच धंद्यातल्या. कुठली शाळा कुठे पाणी मुरवते, हे आपल्याला एका नजरेत कळतं अशी त्यांची खात्री होती. फक्त आपण कोण आहोत हे कुठे सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. नवखी बाई म्हणून जायचं आणि त्यांचं पितळ उघडं पाडायचं.

पहिल्या शाळेत पितळ शोधायला वेळ लागला नाही, कारण तिथे सगळं पितळच होतं. काचेचं ऑफिस, गार हवा, भिंतीएवढं निळं आकाश छापलेलं. टाय लावलेल्या तरुणाने त्यांना मऊ सोफ्यावर बसवलं आणि टीव्हीवर ढग दाखवले.

"मला शिकवणार कोण?" मावशींनी विचारलं.

"आमची टीम आहे, मॅडम. त्या दिवशी जे उपलब्ध असतील ते."

"म्हणजे रोज नवा माणूस?"

"रोज नवा अनुभव, मॅडम."

मावशींनी विमान दाखवा म्हटलं. विमान दुरुस्तीला गेलं होतं. दुसरं? तेही तिथेच गेलं होतं, पहिल्याला सोबत म्हणून की काय कोण जाणे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मावशी सोफ्यातून मोठ्या कष्टाने उठल्या आणि बाहेर आल्या.

दुसरी शाळा मात्र बघताक्षणी त्यांच्या मनात भरली. तिथले मुख्य शिक्षक एक निवृत्त कॅप्टन होते. मिशा कडक, बूट कडक, आवाज त्याहून कडक. फेरफटक्याच्या उड्डाणाला त्यांनी मावशींना डाव्या सीटवर बसवलं. विमानात शिकणारा डावीकडे आणि शिकवणारा उजवीकडे बसतो. मावशींना त्यात काही वावगं वाटलं नाही. डावी सीट म्हणजे त्यांचं सासर-माहेर सगळं तीच.

"धरा," कॅप्टन म्हणाले. मावशींनी समोरचा दांडा धरला. कॅप्टननी आपल्या बाजूचा दांडाही धरलेलाच होता. मावशींनी जरा डावीकडे नेला, तोवर त्यांनी उजवीकडे आणला होता. मावशी वर बघायला लागल्या की ते म्हणत, "समोर बघा!" समोर बघितलं की "घड्याळांवर लक्ष द्या!" विमानाचं नाक जरा खाली गेलं की नाही गेलं, कॅप्टनच्या हाताने ते वर केलेलं असे. खाली उतरल्यावर मावशींच्या अंगाला घाम होता आणि तोंडावर तृप्ती.

"असा मास्तर पाहिजे!" त्या घरी येऊन म्हणाल्या. "एका क्षणाचा भरवसा ठेवत नाही माणूस!"

"मग घाल नाव," यजमान म्हणाले.

एक गोष्ट मात्र मावशींच्या मनात खड्यासारखी टोचत होती. त्या शाळेच्या बाकावर हॅट घातलेले एक गृहस्थ बसले होते. बरीच वर्षं येतात म्हणाले. मावशींनी विचारलं, "एकट्याने गेलात की नाही?" तर ते हसून म्हणाले, "नाही अजून. कॅप्टन म्हणतात, हात तयार नाहीत." आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून असे पाहिले, जसे काही ते कोणा परक्याचे होते. मावशींना वाटलं, माणूसच ठोंब्या असेल. तरीही भाजीवाल्याकडे तीन ढीग चिवडल्याशिवाय भाजी घ्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. आणखी एक शाळा बघून मग नाव घालू, असं त्यांनी ठरवलं.

तिसरी शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक जुनं पांढरं विमान आणि एक बाई. बाई मावशींहून पुष्कळ लहान, जाड चष्म्याची, आणि बोलायला पैसे पडतात की काय अशी. मावशींनी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, मौनीबाई.

मौनीबाईने विमानाभोवती हिंडून एकेक वस्तू मावशींनाच बघायला लावली. टायर बघा. बिजागरी हलवा. टाकीतलं थोडं पेट्रोल काढा, पाणी तर नाही ना. मावशींना हे आवडलं. मग बसताना तिने सांगितलं, "पायाशी दोन पॅडल आहेत. खालच्या भागाने नाक वळतं, वरच्या भागाने ब्रेक लागतो. टाचा जमिनीवर ठेवा. चवडे वर नेऊ नका. उतरताना तर अजिबात नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या.

वर गेल्यावर मौनीबाई म्हणाली, "घ्या," आणि तिने आपले दोन्ही हात मांडीखाली घातले. अक्षरशः मांडीखाली. त्यांच्यावर बसली.

विमान डावीकडे कललं. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. विमान आणखी कललं. मावशींनी घाबरून उजवीकडे ओढलं, ते जास्त ओढलं गेलं, मग पुन्हा डावीकडे. मौनीबाई ढिम्म. "आता?" एवढंच म्हणाली. मावशींना इतका राग आला, की रागाच्या भरात त्यांनी विमान सरळ केलं. खाली नदी होती, तिच्यावर ऊन होतं, आणि विमान सरळ चाललं होतं, पण मावशींना ते दिसलंच नाही. त्या एकच विचार करत होत्या, ही बाई काही करत का नाही!

उतरताना दांडा मौनीबाईने घेतला. धावपट्टी समोरून मोठी मोठी होत आली. आणि इथे घात झाला. मावशी बसल्या होत्या डाव्या सीटवर, शेजारी दुसरं कोणी चालवत होतं, आणि समोरून काहीतरी वेगाने अंगावर येत होतं. इतक्या वर्षांच्या सवयीचा पाय कोणाला विचारतो? चाकं टेकायला आणि मावशींनी दाबायला एकच गाठ पडली. टायर किंचाळला, विमान एका बाजूला ओढलं गेलं.

"पाय खाली," मौनीबाई म्हणाली. ओरडली नाही. मावशींनी पाय असे मागे घेतले, जसा तवा चटकला. विमान सरळ झालं, हळू झालं, थांबलं.

शेडपाशी उतरल्यावर मौनीबाईने वाकून चाकाकडे बोट दाखवलं. टायरवर एक गुळगुळीत टक्कल पडलं होतं. "हे तुमचं," ती म्हणाली. आणि मग, "गाडी शिकवता ना तुम्ही?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता. "कशावरून ओळखलं?"

"डाव्या सीटवर बसून, दुसऱ्याच्या आधी दाबलात." मौनीबाईने चष्मा पुसला. "तुमच्याकडे शिकलेले लोक चालवतात?"

"सगळे पास होतात!"

"पास नाही विचारलं. चालवतात का?"

मावशींनी पर्स काखेला मारली. असल्या आगाऊ प्रश्नांना उत्तर द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

"तुमचे हात चांगले आहेत," मौनीबाई म्हणाली. "तुम्ही एकट्या जाऊ शकाल. पण हे पाय घेऊन मी तुम्हाला शिकवणार नाही. पाय गप्प बसायला शिकले, की या."

घ्या! शाळा निवडायला गेलेल्या बाईला शाळेनेच नापास करून घरी पाठवलं. घरी येऊन मावशींनी चपला काढल्या त्या दोन दिशांना गेल्या. "कालची पोर! मला पाय शिकवते! हातांवर बसून राहणं म्हणजे शिकवणं? मग कोंबडीसुद्धा शिकवेल! उद्याच कॅप्टनकडे नाव घालते."

यजमान मेण तापवत होते.

"आणि म्हणे, तुमचे लोक चालवतात का! का नाही चालवणार?" बोलता बोलता मावशी थांबल्या. समोर नवरा होता, आणि त्याच्या पाकिटात लायसन. "अहो," त्या जरा हळू म्हणाल्या, "तुम्ही का चालवत नाही?"

"आवड नाही."

"ते मी लोकांना सांगते. मला खरं सांगा."

यजमानांनी मेणाचा दिवा विझवला. हातातला दात बशीत ठेवला. "कसं सांगू," ते म्हणाले. "समोर काही आलं की मी ब्रेककडे पाय न्यायचो, आणि गाडी आधीच थांबलेली असायची. दर वेळी. परीक्षेच्या दिवशी रस्ता रिकामा होता, पास झालो. पण मी वेळेवर दाबला असता की नाही, हे मला अजून माहीत नाही गं. माहीत नसताना एकट्याने गाडी काढायची म्हणजे..."

मावशी खुर्चीवर बसल्या. खिडकीतल्या कवळ्या त्यांच्याकडे बघून हसत होत्या. त्यांना तो हॅटवाला आठवला, परके हात मांडीवर ठेवून बसलेला. हात तयार नाहीत म्हणे! त्याला ठोंब्या म्हणून आपण घरी आलो, आणि घरातच असा एक माणूस बसवून ठेवलाय. कधी ओरखडा आला नाही खरा, पण गाडीही गेली कुठे? मावशींना वाईट वाटलं. मनापासून आणि पुष्कळ वाईट वाटलं. त्यांना ही भावना फारशी सवयीची नव्हती, म्हणून त्यांनी लगेच हुकूम सोडला, "उद्यापासून तुम्ही गाडी चालवायची."

"माझ्यासाठी की तुझ्या पायांसाठी?"

"गप्प बसा. दोघांसाठी."

दुसऱ्या दिवसापासून मैदानावरच्या लोकांची चांगली करमणूक झाली. यजमान उजव्या सीटवर ताठ, आणि डाव्या सीटवर मावशी चक्क मांडी घालून. चपला मागच्या सीटवर टाकलेल्या आणि पायाचे दोन्ही अंगठे हातात घट्ट धरलेले, म्हणजे पळून जायला नकोत. पायाचा बंदोबस्त झाला तर तोंडाने दगा दिला. कुंपण जवळ आलं की मावशी "स्स्स!" असा श्वास ओढत, आणि त्यासरशी यजमान गाडी थांबवत.

"पायाचा ब्रेक काढलास आणि तोंडाचा बसवलास," यजमान म्हणाले.

मग मावशींनी तोंडात लिमलेटची गोळी ठेवायला सुरुवात केली. श्वास ओढला तर गोळी घशात जाईल, या भीतीने तोंड बंद राहू लागलं. गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं संपली. यजमानांची गाडी सिग्नलला बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, एकदा फुटपाथही लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा पिवळ्या गाडीला ओरखडा आला. मावशी गोळी चघळत राहिल्या. रात्री मात्र बाहेर जाऊन ओरखड्यावरून हळूच हात फिरवून आल्या. जित्याची खोड, इतक्या सहज कशी जाणार?

गंमत म्हणजे त्यांच्या शिकणाऱ्यांनाही फरक कळला. ती रिव्हर्सला रडणारी मुलगी एकदा बाजारातून स्वतः गाडी घेऊन गेली, आणि मावशी शेजारी मांडी घालून बसल्या होत्या.

शेवटी एका सकाळी दोघं पत्र्याच्या शेडपाशी आले. मौनीबाई विमानाची काच पुसत होती. तिने गाडीकडे पाहिलं. उजवीकडून यजमान उतरले. डावीकडून मावशी उतरल्या, अनवाणी, आणि मागच्या सीटवर चपला शोधू लागल्या.

"गाडी कोणी आणली?" मौनीबाईने विचारलं.

"मी," यजमान म्हणाले.

मौनीबाईने मावशींच्या अनवाणी पायांकडे एकदा पाहिलं. "चला," ती म्हणाली. नाव घालणं, फॉर्म, स्वागत, सगळं त्या एका शब्दात उरकलं.

ठरलं होतं असं, की यजमानांनी बाकावर थांबायचं आणि परत जाताना मावशींनी गाडी न्यायची. पण यजमान गाडीपाशीच घुटमळत राहिले.

"एक कवळी पोचवायची आहे," ते म्हणाले. "ज्यांची आहे ते आजोबा कालपासून उपाशी बसलेत. मी जाऊन येऊ?"

"बसने?"

"नाही," यजमान म्हणाले. "गाडीने."

मावशींच्या तोंडात त्या क्षणी काय काय आलं, ते लिहायचं तर वेगळं पुस्तक लागेल. आरसा बघा. वळणाच्या पुढे मुलांची शाळा आहे. मोठा चौक टाळून मागच्या रस्त्याने जा. हँडब्रेक काढलात का? त्यांनी पर्समधून एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "या जाऊन."

विमानात मावशी डाव्या सीटवर बसल्या. मौनीबाई आपल्या हातांवर बसली. टाचा जमिनीवर टेकवून मावशींनी विमान हळूहळू कुंपणाच्या कडेने धावपट्टीच्या टोकाकडे नेलं. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर पिवळी गाडी दिसली. डावी सीट रिकामी. वळण कधीच मागे पडलं होतं, तरी दिवा उजवीकडचा मिचमिचत होता. आणि पुढे, मुलांच्या शाळेच्या फाटकातून, एक मोठा चेंडू टुणटुणत रस्त्यावर आला.

मावशींचे डोळे तिकडे गेले. चवडे चपलांत आखडले.

"पाय," मौनीबाई म्हणाली.

"खालीच आहेत," मावशी म्हणाल्या, आणि खरंच खालीच होते. फक्त डोळे भरून आले होते, त्याला इलाज नव्हता.

रस्त्यावर पिवळ्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. चेंडूच्या पुष्कळ अलीकडे, सावकाश, गाडी थांबली.